दुसऱ्याच्या गाडीवर रॉय मेचिनचं नाव

आमच्या टनस्टॉलमधल्या फर्नेस लेनच्या बोलिंग क्लबात लाज ही वस्तू रॉय मेचिन वाटायचा. स्वतःसाठी ठेवून घ्यायची त्याला कधी गरज पडली नव्हती. कुणी चिखलाचे बूट घालून गोळे टाकायच्या हिरवळीवर उतरला, कुणी दुसऱ्याला पाजायची पाळी आली की नेमका मुतायला गेला, कुणाच्या पोराचं लग्न मोडलं, की रॉय बारच्या कोपऱ्यातून असं एक वाक्य टाकायचा की त्या माणसानं आठवडाभर मान वर करू नये. माणूस वाईट नव्हता. आजाऱ्याच्या दारात बीफ-बटाट्याच्या रश्श्याचं, आमच्या लॉबीचं, पातेलं घेऊन पहिला तोच उभा असायचा. पण पातेलं खाली ठेवता ठेवता बोलायचाच, "खा. डॉक्टरचं वेळेवर ऐकलं असतंस तर स्वतःच्या हातानं शिजवलं असतंस."

सगळी उमर त्यानं बर्स्लेमच्या भांड्यांच्या कारखान्यात काढली. कच्च्या कपबशा भट्टीत रचायच्या, भाजल्या की काढायच्या. कारखाना बंद पडला तेव्हा त्याची पाठ वाकलेली होती आणि जीभ तेवढी ताठ. त्याचा एकच धर्म होता: खिशात असेल तेवढंच दारात. घरातला सोफा रोख, टीव्ही रोख. कबरस्तानातली स्वतःची आणि नोरीनची जागासुद्धा त्यानं आगाऊ पैसे मोजून घेऊन ठेवलेली. "मेल्यावर तरी कुणाचा हप्ता डोक्यावर नको," म्हणायचा. नोरीन, त्याची बायको, यावर नुसती चहा ढवळायची.

आता टेरी वेनचं सांगायला हवं, त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. टेरी गिलाव्याचं काम करायचा. रॉयपेक्षा पुष्कळ लहान, पण गोळे टाकायला रॉयनंच त्याला शिकवलेलं. जोडीच्या सामन्यात दोघं एकत्र उतरायचे. टेरीनं हप्त्यावर एक व्हॅन घेतली आणि दोन्ही अंगांना निळ्या अक्षरांत रंगवून घेतलं, 'टेरी वेन, गिलावा आणि डागडुजी'. मग ज्या बिल्डरकडं त्याचं काम होतं तो बुडाला, टेरीचे पैसे घेऊन बुडाला, आणि व्हॅनचे हप्ते थकले. स्मॉलथॉर्नवाल्यांबरोबर आमचा सामना होता त्या दिवशी दोन माणसं ट्रक घेऊन क्लबाच्या आवारात आली. साखळी लावली नि व्हॅन वर ओढली. आम्ही सगळे हातात ग्लास घेऊन खिडकीत. बाहेर टेरी, दोन बादल्या आणि थापी घेऊन उभा. तेवढंच त्यांनी त्याला काढून घेऊ दिलं होतं.

टेरी आत आला. बारशी उभा राहिला. आमच्याकडं लाडानं कुणालाही 'डक' म्हणतात, तसं कोपऱ्यातून रॉय म्हणाला, "दुसऱ्याच्या गाडीवर आपलं नाव रंगवलं की असंच व्हायचं, डक."

आम्ही हसलो. खोटं कशाला बोलू, सगळे हसलो. टेरीनं अर्धा ग्लास तसाच ठेवला आणि गेला, तो पुन्हा क्लबात आला नाही. ते वाक्य मात्र राहिलं. कुणी उसनी टोपी घालून आला, कुणी भावाच्या बागेतले टोमॅटो आपले म्हणून वाटले, की कुणी ना कुणी ते म्हणायचंच.

त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी नोरीनच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हॉस्पिटलची गाडी न्यायला यायची खरी, पण यायची तिच्या सवडीनं, आणि परत सोडायची त्याहून सवडीनं. नोरीन मशीनवरून उठून तासन् तास कोट घालून बाकावर बसायची. त्यात रॉयची जुनी गाडी वर्षाच्या तपासणीत नापास झाली, तळ पार गंजलेला. साठवलेली पुंजी मुलीच्या, गेलच्या, काडीमोडात घर वाचवायला गेली होती. मग एका मंगळवारी रॉय हॅन्लीच्या शोरूममध्ये गेला आणि खुर्चीच्या काठावर बसून त्यानं सह्या केल्या. चार वर्षं महिन्याच्या महिन्याला पैसे भरायचे, मग गाडी परत. कागद कंपनीच्या नावावर. गाडी कंपनीची, चालवणारा रॉय.

चंदेरी रंगाची, नवी कोरी. पहिल्या रविवारी लायनेल ब्लोर तिच्याभोवती फिरला. हा आमचा क्लबातला बडबड्या, बोलल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नाही.

"बघा रे, बघा! म्हाताऱ्यानं गादीखालचे काढले वाटतं. रोख मोजले असणार. रॉयचं म्हणजे रोखच!"

रॉय फडक्यानं आपला गोळा पुसत होता. तो पुसत राहिला. खोटं तो एक अक्षर बोलला नाही. त्याला एवढंच म्हणायचं होतं, 'नाही रे बाबा.' ते तीन शब्द त्यानं गिळले, आणि पुढच्या रविवारपर्यंत गाडी रोखीची झाली होती.

फेब्रुवारीत त्याला सत्तर पुरी झाली. क्लबात चीज-कांदा भरलेली पेस्ट्री, सॉसेज रोल, केक. एल्सी शफलबॉटम, आमची सेक्रेटरी, ग्लासावर चमचा वाजवून उभी राहिली.

"रॉय मेचिन, तू आम्हाला इतकी वर्षं बोल लावलेस—"

"आणि एकही चुकीचा नव्हता," रॉय म्हणाला.

"गप बस, माझं भाषण आहे. तर आम्ही सगळ्यांनी मिळून तुझं तोंड कायमचं बंद करायचं ठरवलंय."

तिनं एक चपटं पुडकं पुढं केलं. त्यात गाडीच्या दोन पाट्या होत्या, पुढची पांढरी, मागची पिवळी: आर ७० एमसीएन. रॉय, सत्तर, मेचिन. आणि एका पाकिटात त्या नंबराच्या हक्काचं सर्टिफिकेट, एल्सीच्या नावानं घेतलेलं. आमच्याकडं माणूस घराचे पडदे बदलणार नाही, पण गाडीवर आपल्या नावाचा नंबर असावा म्हणून जीव टाकतो. लायनेलनं तर टेबलावर उभं राहून टाळ्या पिटल्या.

रॉय त्या पाट्यांकडं बघत राहिला. आम्हाला वाटलं, म्हातारा गहिवरला.

"सगळ्यांनी दिलेत हो," एल्सी त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. "टेरी वेननंसुद्धा. बायकोच्या, जॅनीनच्या, हाती वीस पाउंड पाठवले. म्हणाला, गोळा धरायला त्यानंच शिकवलं मला."

रॉयच्या घशात केक अडकला. नोरीननं पाठीवर थापट्या मारल्या, पण एल्सी काय बोलली ते तिनं ऐकलं होतं.

स्टॅन बागवाला, जो हिरवळ कापतो, तो खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून तयार. "चार स्क्रू. चल, आत्ताच लावतो."

"आधी कागद," रॉय म्हणाला. "कागद झाल्याशिवाय लावणं गुन्हा आहे."

"वा! नियम म्हणजे नियम. हा आपला रॉय."

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीला फोन लावला. पलीकडं एक पोरगी होती, आवाजानं गोड.

"काहीच अडचण नाही, मिस्टर मेचिन. नंबर चढवायची फी पंचाहत्तर पाउंड. गाडी परत देण्याआधी नंबर उतरवून घ्यायचा, त्याची फी वेगळी. तेवढं विसरू नका हं, नाहीतर नंबर गाडीबरोबरच गेला."

"ते भरतो. अजून काय?"

"गाडी आमच्या नावावर आहे ना, म्हणून नंबराच्या सर्टिफिकेटवर आमच्या कंपनीचं नाव घालावं लागेल. ज्यांनी नंबर विकत घेतलाय त्यांनीच ते लिहून सही करायची. तुम्हीच घेतलाय ना?"

"नाही. मित्रांनी दिलाय. वाढदिवसाला."

"अय्या, किती छान! मग सोप्पंच आहे, त्यांनाच सांगा."

रॉयनं फोन ठेवला. नोरीन किटलीपाशी उभी होती.

"एल्सीला सांग," ती म्हणाली.

"एल्सीला सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं."

"मग वाजू दे. लोकांना काय, दोन दिवस हसतील."

"लोकांचं नाही गं." तो खुर्चीत बसला. "त्याचे वीस पाउंड आहेत त्यात. त्याची व्हॅन नेली तेव्हा मी काय बोललो होतो, ठाऊक आहे ना तुला?"

"सगळ्या टनस्टॉलला ठाऊक आहे."

"आता माझंच नाव. दुसऱ्याच्या गाडीवर. आणि त्याच्या पैशानं."

नोरीननं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "त्या दिवशी घरी आल्यावर मी तुला म्हटलं होतं, जा, त्याला भेटून ये. तेव्हा जड नव्हतं. आता होतंय."

रॉय गेला नाही. ना टेरीकडं, ना एल्सीकडं. क्लबात रोज एक नवी थाप. कागद स्वान्सीला, गाड्यांच्या सरकारी कचेरीत, गेलाय. स्वान्सीहून परत आलाय, फॉर्म चुकीचा होता. पुन्हा गेलाय.

"स्वान्सीत काय मेंढ्या मोजत बसलेत काय रे?" लायनेल म्हणायचा. "माझ्या मेहुण्याचं काम एका दुपारीत झालं."

"तुझ्या मेहुण्याचं सगळंच घाईत होतं. म्हणून तर पाच पोरं."

लोक हसले, आणि रॉयला तेवढ्यापुरतं सुटल्यासारखं झालं. पण त्याचं बोलणं कमी झालं होतं. एकदा स्टॅन चिखलाचे बूट घालून बारमध्ये आला, रॉयनं बुटांकडं पाहिलं आणि नुसताच ग्लास उचलला. स्टॅन घाबरला. "बरं नाही का रे तुला?"

मार्चच्या शेवटी एल्सीचा धीर सुटला. "उद्या मीच फोन लावते. सर्टिफिकेट माझ्या नावावर आहे, मला सांगावंच लागेल त्यांना."

"नको नको," रॉय घाईघाईनं म्हणाला. "झालं काम. कालच झालं."

"मग सांगत का नाहीस, मेल्या! रविवारी हंगाम उघडतोय. सगळ्या टीमचा गाडीपुढं फोटो घ्यायचा. पाटीसकट."

रविवारी सकाळी नोरीन कोट घालून, काठी घेऊन बाहेर आली. रॉय गाडीच्या मागं उकिडवा बसून शेवटचा स्क्रू पिळत होता. जुनी पाटी गवतावर उपडी पडलेली.

"कागद आला?"

तो उठला नाही.

"रॉय."

"फोटोपुरती. घरी आलो की काढतो. अर्ध्या मैलाचा तर रस्ता."

"पोलिसानं धरलं तर?"

"रविवारी सकाळी कोण धरतंय?"

नोरीन काठीवर भार देऊन म्हणाली, "ही गाडी मला आवडते. मशीनवरून उठले की हिच्यात बसून घरी येते, पाय गरम होतात. कुणाची आहे ते मला माहीत आहे, नि तरी आवडते. पण ही पाटी असताना मी तिच्यात बसायची नाही. मी बसनं येते."

"अगं, चढ आहे तिथं. तुला झेपायचं नाही."

"नाही झेपलं तर बसेन कुठंतरी."

ती फाटकाबाहेर पडली. रॉय तिच्या मागं गेला नाही. लाजेची एक गंमत असते, एकदा पाय घसरला की माणूस सावरायच्या ऐवजी पळत सुटतो, उतार संपेल म्हणून. तो गल्लीबोळातून, मोठा रस्ता टाळत क्लबाला आला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. लायनेलनं आपल्या रुमालानं पाटी पुसली. एल्सीनं उंच-बुटके लावून सगळ्यांना उभं केलं, रॉयला मधोमध, हात गाडीवर. तो फोटो अजून आहे. सगळे दात काढून हसताहेत आणि मधला माणूस दात दुखत असल्यासारखा उभा आहे.

फोटो झाला तेवढ्यात लेनच्या तोंडाशी नोरीन दिसली. काठी टेकत, चार पावलं टाकून थांबत. लायनेल धावला, तिला धरून आणलं, बाकावर बसवलं. तिच्या ओठांना रंग नव्हता.

"काय गं हे नोरीन? नवरा इथं नाव मिरवतोय आणि तू बसनं?"

नोरीननं दम घेतला. "त्यालाच विचार."

सगळी तोंडं रॉयकडं वळली. थाप तयार होती. गाडीत बसलं की तिला मळमळतं, असं काहीतरी. तो सुरूही झाला, "तिला गाडीत..." आणि त्यानं नोरीनकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. हिरवळीकडं बघत होती, छातीवर हात ठेवून, श्वास सापडेपर्यंत.

"गाडी माझी नाही," रॉय म्हणाला.

लायनेल खिदळला. "मग काय, चोरलीस?"

"महिन्याच्या पैशांवर आहे. कागद कंपनीचे. नंबरही चढलेला नाही. आज सकाळी मीच पाट्या लावल्या. नंबर चढवायचा तर त्या सर्टिफिकेटवर कंपनीचं नाव लिहून एल्सीची सही लागते, म्हणून... म्हणून राहिलं."

लायनेलच्या तोंडाला तर सवय.

"दुसऱ्याच्या गाडीवर—" तो म्हणाला आणि दातांवर दात आपटून गप्प झाला.

पुढचं कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती, ते प्रत्येकाच्या डोक्यात आपोआप पुरं झालं, आणि रॉयला ते सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्याचे कान लाल झाले, मग मान, मग टक्कल. इतक्या वर्षांत आम्ही त्याचा तो रंग पाहिला नव्हता आणि खरं सांगायचं तर बघवतही नव्हता. स्टॅन आपल्या बुटांकडं बघायला लागला.

"स्क्रू-ड्रायव्हर दे," रॉय त्याला म्हणाला.

तो गाडीमागं गुडघ्यांवर बसला. त्याचे गुडघे वाजले ते ऐकू आले. मदत कुणी करावी, कशी करावी, कळेना. शेवटी एल्सी आतून रबराची चटई घेऊन आली, गोळा टाकताना पायाखाली घेतात ती, आणि त्याच्या गुडघ्यांपाशी टाकली.

"माझीसुद्धा महिन्यावरच आहे," ती म्हणाली. "लायनेलची पण. इथं उभ्या आहेत त्यातल्या निम्म्याहून जास्त."

रॉयनं मान वर केली. "मला कधी बोलला नाहीत."

"तुला? तुला कोण सांगणार, रॉय?"

ती रागानं म्हणाली नव्हती. म्हणूनच ते त्याला खोल लागलं असावं. त्यानं मान खाली घातली आणि स्क्रू पिळत राहिला. डिकीतून जुन्या पाट्या काढून लावल्या. स्टॅनला स्क्रू-ड्रायव्हर परत दिला. नोरीनला विचारलं, "जरा वेळ बसशील इथं? जाऊन येतो." कुठं ते तिनं विचारलं नाही. नव्या पाट्या बगलेत मारून तो चालत निघाला.

पुढचं आम्हाला जॅनीननं सांगितलं. दार तिनंच उघडलं. टेरी स्वयंपाकघरात ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी, भाजत होता, रविवारचा नाश्ता, चीज आणि बेकन घालून. तो झारा हातात घेऊनच दारापर्यंत आला.

"मिस्टर मेचिन. काय काम काढलंत?"

पूर्वी तो त्याला नुसतं 'रॉय' म्हणायचा, कधी 'म्हाताऱ्या'.

रॉयनं सगळं सांगितलं, दारातच. गाडीचं, फीचं, सहीचं, सकाळच्या चार स्क्रूंचं. आणि मग तेही, बारमधलं. आत ओटकेक करपल्याचा वास सुटला. जॅनीन आत पळाली, पण कान बाहेरच ठेवून.

"तुम्ही माफी मागायला आलात की हलकं व्हायला?" टेरीनं विचारलं.

रॉयनं विचार केला. "माहीत नाही. क्लबातून निघालो तेव्हा वाटलं होतं, माहीत आहे."

"त्या दिवशी मला व्हॅन नेल्याचं एवढं नव्हतं वाटलं. व्हॅन काय, पुन्हा होईल. मी आत आलो ते तुमच्यासाठी आलो होतो. म्हटलं, रॉय एक पाइंट बिअर सांगेल, म्हणेल, बस टेरी."

रॉयनं पाट्या पुढं केल्या. "ह्या घे. नाहीतर विकू. सगळ्यांचे परत करतो. तुझे वीस पाउंड आधी."

"माझे परत नकोत." टेरीनं पाट्यांना हातही लावला नाही. "मी ते तुमच्या नावासाठी दिले. नाव लावा. फी भरा, एल्सीची सही घ्या, कायद्यानं लावा. आणि फिरवा गावभर. कुणी विचारलं गाडी कुणाची, तर सांगा."

"टेरी, क्लबात येशील का रे?"

"ओटकेक करपलेत," टेरी म्हणाला. "जाऊ द्या मला." आणि दार लावलं, आपटून नव्हे, पण लावलं.

एल्सीनं सर्टिफिकेटवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सही केली. रॉयनं फी भरली. मेच्या सुरुवातीला नंबर रीतसर चढला आणि स्टॅनला त्याचे चार स्क्रू पिळायला मिळाले. नोरीन पुढच्या सीटवर पायांवर शाल घेऊन बसून डायलिसिसला जाते. टेरी अजून क्लबात आलेला नाही. जोडीच्या सामन्यात रॉय लायनेलबरोबर उतरतो आणि हरतो, आणि हरल्यावर काही बोलत नाही.

परवा पेट्रोल पंपावर मी त्याच्या मागंच उभा होतो. शेजारच्या पंपावरचा एक तरणा पोरगा पाटी वाचून म्हणाला, "भारी नंबर आहे, आजोबा! गाडी पण झकास. तुमचीच?"

रॉयनं नळी जागेवर अडकवली. त्याचे कान लाल व्हायला लागले होते, मला मागून दिसत होते.

"नंबर माझा," तो म्हणाला. "गाडी कंपनीची. हप्त्यावर आहे."

पोऱ्याला त्याचं काहीच वाटलं नाही. "सगळ्यांच्याच असतात की," म्हणाला आणि निघून गेला. रॉय मात्र पैसे द्यायला आत जाईस्तोवर तसाच, मानेपर्यंत लाल.